आक्कांच्या प्रार्थनेत मी

बुधवारच्या घरसभेत आक्कांनी मोठ्याने प्रार्थना सुरू केली की मला घाम फुटायचा. चर्चच्या मंडळीतली बारा-पंधरा माणसं डोळे मिटून आमच्या पुढच्या खोलीत बसलेली असायची, आणि आक्का स्वच्छ, ठाशीव आवाजात देवाला सांगायच्या, "हे प्रेमळ पित्या, आमच्या घरात काही मनं अजून कठीण आहेत. काहींच्या जिभेला धार आहे. काहींना वडीलधाऱ्यांचा मान ठेवता येत नाही. त्यांना तू नम्र कर."

आमच्या घरात माणसं तीन. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा नवरा, आणि मी. नवऱ्याच्या जिभेला धार असल्याचं अख्ख्या रत्नागिरीत कोणी म्हटलं नसतं. दिवसाला वीस वाक्यं बोलला तर आम्ही म्हणायचो, आज स्वारी खुशीत आहे. तेव्हा कठीण मन कुणाचं हे सगळ्यांना समजायचं. शेवटी आक्का "येशूच्या नावाने मागते" म्हणायच्या, सगळे "आमेन" म्हणायचे, आणि मलाही म्हणावं लागायचं. मग मी उठून त्या सगळ्यांसाठी चहा टाकायची.

आक्कांनी लग्न केलं नाही. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली, शेवटी वॉर्डाच्या इनचार्ज होत्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा नवरा नऊ वर्षांचा होता. त्याला आक्कांनीच वाढवला. निवृत्त झाल्यावर त्या रत्नागिरीला आमच्याकडे राहायला आल्या. आमच्याकडे म्हणते खरी, पण त्यांच्या मते मीच त्यांच्याकडे राहत होते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं स्वयंपाकघर वॉर्डासारखं लावून घेतलं. मसाल्याच्या डब्यांवर चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली. मीठ लिहिलेल्या बरणीत मीठच आहे की नाही हे बोट घालून पाहिलं.

मी राजापूरकडच्या शेतकरी घरातली, हिंदू. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. पण लग्नासाठी मी धर्म बदलला नव्हता. बाप्तिस्मा घेतला तो लग्नानंतर सहा वर्षांनी, माझ्या मनाने, आणि तो का घेतला हे माझं मला पक्कं माहीत आहे. आक्कांना ते कधी पटलं नाही. एकदा मंडळीतल्या एका बाईने माझ्या देखत माझं कौतुक केलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्यात उतरली म्हणून आतपर्यंत भिजली असं होत नाही." ती बाई हसली. मी हसले नाही.

एका बुधवारी मी उलटून मारलं. आक्कांची प्रार्थना संपल्याबरोबर मी सुरू केली. "हे प्रभू, ज्यांना आपल्या चांगुलपणाचा गर्व चढलाय, जे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरतात, त्यांचे डोळे तू उघड." कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने भाबडेपणाने जोरात "आमेन" म्हटलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माणसं गेल्यावर आक्का कपबशा आत आणून देत म्हणाल्या, "छान केलीस प्रार्थना. घरी सराव केलेला दिसतोय."

केला होताच. पाली गावाच्या पुढच्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवत होते. येता-जाता एसटीत खिडकीशी बसून मी ती वाक्यं जुळवली होती. हातखंब्याला महामार्गाच्या कामामुळे गाडी अर्धा अर्धा तास अडकायची, लाल धूळ आत यायची, आणि मी तोंडाला पदर लावून माझ्या नणंदेविरुद्ध देवाला अर्ज लिहीत बसायची. असं वर्षभर चाललं. नवरा दोघींच्या मधे बसून जेवायचा आणि उठून जायचा.

मग माझ्या आईच्या डोळ्यांचं निघालं.

आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी एकेक डोळा करायचं ठरवलं. आई आमच्याकडे यायला तयार नव्हती. लेकीच्या घरी, त्यात नणंदेच्या राज्यात, तिला अवघड वाटत होतं. मीच मागे लागून तिला आणलं. पिशवीत दोन लुगडी, कुळथाचं पीठ आणि तळहाताएवढी एक तसबीर होती. गावदेवीची. रोज सकाळी तोंड धुतल्यावर तिला हात जोडल्याशिवाय आई चहा घेत नसे. तिने मला हळूच विचारलं, "हिला खंय ठेवू गो? चालंल ना?" मी माझ्या खोलीच्या खिडकीत जागा करून दिली.

माझी स्वतःची श्रद्धा आता त्या तसबिरीवर नव्हती. हे मी लपवत नाही. आईलाही ते ठाऊक होतं, आणि आम्ही दोघी त्याबद्दल कधी भांडलो नव्हतो. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती दोन दिवस रडली, आणि तिसऱ्या दिवशी मला फणसाचे गरे पाठवले. आमचं तेवढ्यावर मिटलं होतं.

ऑपरेशन झालं, आई डोळ्यावर पट्टी लावून घरी आली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले, एकच दिवस, तपासणीला साहेब येणार होते म्हणून. दुपारी परत आले तर आई खाटेवर बसलेली, नेसूचं नीट नेसलेली, पिशवी मांडीवर.

"काय झालं?"

"काय नाय. मी जाते आपली घरी."

"आई, कालच ऑपरेशन झालंय!"

"तुझ्या आक्कांना माझी देवी चालत नाय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. "मी सकाळी उठून हात जोडायला गेले तर नव्हती. मला वाटलं, एका डोळ्याने दिसत नसंल. हाताने चाचपून बघितलं. मग त्यांनाच विचारलं, तर म्हणाल्या, मागे पडवीत आहे, जाताना घेऊन जा. लाकडांमागेपण वाकून बघितलं, गावली नाय."

मी मागच्या पडवीत गेले. पावसाळ्यासाठी लाकडं रचून ठेवली होती. त्या रचाईच्या मागे, भिंतीशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर होती. काचेला एका कोपऱ्यात तडा गेला होता. पट्टी बांधलेल्या डोळ्याने आईने लाकडांमागे वाकून ती शोधली होती, सापडली नव्हती, आणि आक्का स्वयंपाकघरात क्रोशाचं विणकाम करत बसल्या होत्या. चर्चच्या टेबलावर घालायचं आच्छादन विणत होत्या त्या.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. आक्कांनी सुई न थांबवता एवढंच म्हटलं, "प्रभूच्या घरात मूर्ती नको. तुला कळत नसेल तर मला कळतं."

आई थांबली नाही. रिक्षात माझा हात धरून म्हणाली, "तू भांडू नको गो बाय. तुला तिथे दिवस काढायचेत." राजापूरच्या गाडीत ती खिडकीपासून लांबच्या सीटवर बसली, डोळ्याला वारा लागू नये म्हणून. मी बरोबर जाऊन तिला घरी सोडलं, चार दिवस तिथेच राहिले. परत येताना मी देवाला म्हटलं, ही बाई मरो. हे मी अगदी याच शब्दांत म्हटलं. प्रार्थनाच होती ती, शेवटी आमेनही म्हटलं.

त्यानंतर पाच महिने मी आक्कांशी बोलले नाही. एका घरात, एका ओट्यावर. मी त्यांना ताट वाढायची, पण पाणी हवं का, भात हवा का, काही विचारायची नाही. आणि त्याहून वाईट गोष्टी केल्या. आक्कांना कवळी होती. कडक काही चावायचं नाही. मी मुद्दाम सुके बोंबील कडकडीत तळायची. भाकरी तव्यावर जास्त वेळ ठेवायची. त्या पाण्यात भिजवून भिजवून खायच्या आणि मी समोर बसून जेवायची. तक्रार त्यांनी केली नाही, कारण तक्रार केली असती तर मी जिंकले असते. बुधवारी मात्र त्या देवाला सांगायच्या, "काही जण सूड घेतात, पित्या. आम्ही सहन करतो."

शत्रूसाठी प्रार्थना करा, हे मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होते. मुलं विचारायची, "बाई, शत्रू म्हणजे कोण?" मी दुसऱ्या देशाच्या सैनिकांचं उदाहरण द्यायची.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला घेण्याआधी मन तपासायचं, कुणाशी वैर असेल तर ते मिटवून यायचं, असा नेम. मी भाकर आणि प्याला न घेताच पुढे देऊ लागले. पहिल्या महिन्यात कुणाला कळलं नाही. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं. आक्का माझ्याच बाकावर, दोन माणसं सोडून, दर वेळी भाकर घेत होत्या, प्याला घेत होत्या, डोळे मिटून, शांत चेहऱ्याने. ते पाहून तर माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. चूक त्यांची, आणि उपाशी मी!

चौथ्या महिन्यानंतर पाळकबाईंनी मला उपासना संपल्यावर थांबवून घेतलं. पाळकबाई म्हणजे आमच्या पाळकांची बायको; साठीच्या, जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. चर्चच्या मागच्या पायरीवर आम्ही बसलो. मी सगळं सांगितलं. तसबिरीपासून बोंबलांपर्यंत. मला वाटलं, त्या म्हणतील क्षमा कर, सोडून दे, मोठी हो. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

त्यांनी विचारलं, "हे तू कुणाकुणाला सांगितलंस?"

"देवाला. ह्यांना. माझ्या शाळेतल्या एका बाईंना. आता तुम्हाला."

"आणि आक्कांना?"

"त्या दिवशी ओरडले की."

"ओरडलीस. सांगितलंस का?"

"नाही."

"कुणी आपला अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं, त्याला त्याची चूक दाखवायची. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घ्यायचं. हे काही मी मनाचं सांगत नाही. आपण सगळे उलटं करतो. आधी सगळ्या गावाला सांगतो, मग देवाला, आणि त्या माणसाला कधीच नाही. तू तिच्यापुढे गप्प बसतेस आणि त्याला सोशिकपणा म्हणतेस. तो सोशिकपणा नाही गं, तो राग आहे, झाकण लावून ठेवलेला."

मला त्यांचाही राग आला. घरी जाताना वाटभर आला. पण त्या खरं बोलल्या होत्या.

पुढच्या शनिवारी दुपारी नवरा कामावर होता. आक्का पडवीत विणत बसल्या होत्या. मी जाऊन समोरच्या खुर्चीवर बसले. पाच महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आक्का, मला बोलायचंय. भांडायला आले नाही."

"मग आवाज का कापतोय?"

"भीती वाटते म्हणून."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"तुम्ही माझ्या आईची तसबीर उचलून लाकडांमागे टाकलीत. ती आजारी होती, आपल्या घरची पाहुणी होती, आणि तिला ती चाचपडत शोधावी लागली. हे चुकीचं केलंत. दुसरं, तुम्ही दर बुधवारी प्रार्थनेचं नाव घेऊन मला माणसांसमोर उभं करता. ते थांबवा. मला काही सांगायचं असेल तर मला सांगा. आणि मीही चुकले. मीही तशीच प्रार्थना केली. तुम्हाला चावत नाही हे माहीत असून कडक वाढलं. ते मी आजपासून करणार नाही."

"मी देवाशी बोलते. तू कान लावून ऐकतेस, तो तुझा दोष."

"देवाला एवढ्या मोठ्याने सांगावं लागत नाही."

आक्कांनी सुई खाली ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुला काय माहीत आहे गं? माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने आमचं पाणी तोडलं. विहिरीवर काटे टाकले. माझी आजी दोन मैल लांब व्हाळावरून पाणी आणायची, तान्हं पोर काखेत घेऊन. अशाच देवीपुढे बसून ठरवलं होतं गावाने ते. आणि तू ती आमच्या खिडकीत आणून ठेवतेस?"

हे मला खरंच माहीत नव्हतं. नवऱ्याने कधी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पडती बाजू घ्यावी असं वाटलं नाही.

"ते पाणी माझ्या आईने तोडलं नव्हतं, आक्का."

"सगळे सारखेच."

"मग मीही त्यांच्यातलीच."

"हेच तर मी म्हणते," आक्का म्हणाल्या, आणि सुई उचलून विणायला लागल्या.

पहिली पायरी अशी वाया गेली. नाही, अगदी वाया नाही. त्या रात्री मला वर्षभरात आली नव्हती तशी झोप लागली.

दुसरी पायरी जास्त अवघड होती, कारण साक्षीला न्यायला माझ्याकडे एकच माणूस होता आणि तो वीस वाक्यांचा धनी. मी त्याला म्हटलं, "आईचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात करायचाय. ती इथेच येणार, माझ्या खोलीत राहणार, तिची तसबीर खिडकीत राहणार. आक्कांना हे तुम्ही सांगायचं. मी बाजूला उभी राहते."

"तिने मला वाढवलंय," तो म्हणाला.

"म्हणूनच तुम्ही सांगा. माझं ऐकायला त्या बांधील नाहीत."

आठवडाभर त्याने काही केलं नाही. मी रोज विचारत होते, सोडलं नाही. मग एका सकाळी मी घावणे घालत होते, आक्का टेबलाशी बसल्या होत्या, आणि तो उभ्या उभ्याच म्हणाला, "आक्का, तू तसबिरीचं केलंस ते चुकलं."

"काय म्हणालास?"

"चुकलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तिची आई येणार आहे परत. कुणी काही उचलायचं नाही."

तव्यावरचा घावणा करपला. मी वळले नाही.

"तू मला सांगतोस?" आक्कांचा आवाज चिरकला. "मी तुला न्हाऊमाखू घातलं. बायकोने शिकवलं का हे?"

"हो," तो म्हणाला. "शिकवावं लागलं, हीच लाज आहे."

आक्कांनी त्याच दिवशी बॅग भरली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "फोडलंस घर. आता बस आरती करत." नवऱ्याने त्यांना स्टेशनवर सोडलं, त्या मुंबईला चुलत बहिणीकडे गेल्या. परत आल्यावर तो बराच वेळ गाडीतच बसून राहिला. मंडळीत बातमी पसरली की मी नणंदेला घराबाहेर काढलं. बुधवारची सभा दुसऱ्यांच्या घरी हलली. एक बाई रस्त्यात मला पाहून पलीकडे गेली.

मी पुढच्या पहिल्या रविवारी प्याला घेतला. मन साफ झालं म्हणून नाही. माझ्याकडून करायचं ते मी केलं होतं, आणि उरलेल्या रागासकट जायला दुसरी जागा नव्हती म्हणून.

आईचं ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी दुपारी दाराशी रिक्षा थांबली आणि आक्का बॅग घेऊन उतरल्या. चुलत बहिणीशी त्यांचं बारा दिवसांच्या वर पटलं नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्या कुणाकडे न बघता आत आल्या. मी तेव्हा आईच्या डोळ्यात औषध घालत होते. एका बाटलीतला थेंब टाकला, लगेच दुसऱ्या बाटलीतला.

"थांब!" आक्का दारातूनच ओरडल्या. "दोन्ही लागोपाठ घालतेस? पहिलं औषध धुऊन जातं ना! मधे पाच मिनिटं सोडायची. आणि हात धुतलेस?"

धुतले होते, पण त्यांच्या हिशेबाने नव्हते. त्या मोरीवर गेल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, येऊन आईच्या खाटेशी उभ्या राहिल्या. खिडकीतली तसबीर त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हे मी पाहिलं. मग आईची हनुवटी धरून मान मागे केली आणि म्हणाल्या, "वर बघा. डोळा घट्ट मिटू नका."

त्यानंतर तीन आठवडे औषध आक्कांनीच घातलं. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून. आईशी बोलल्या त्या "वर बघा" आणि "झालं" एवढंच. माफी मागितली नाही. आईने अपेक्षाही केली नाही. मला ती हळूच म्हणाली, "हात चांगला आहे हो तिचा. तोंडाचं जाऊ दे."

बुधवारची सभा परत आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी सगळ्यांचे कान टवकारलेले. आक्कांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी केली, पाळकांच्या गुडघ्यासाठी केली. "आणि आमच्या घरात..." म्हणाल्या आणि थांबल्या. मी डोळे उघडले. त्यांचेही उघडे होते, माझ्याकडेच बघत होत्या. "आमच्या घराला सांभाळ," असं म्हणून त्यांनी आटोपतं घेतलं.

याला तीन वर्षं झाली. आमच्यात प्रेम आहे असं मी आजही म्हणणार नाही. आक्का अजून म्हणतात की माझा विश्वास उथळ आहे, पण आता तोंडावर म्हणतात आणि मी तोंडावर उत्तर देते. गेल्या आठवड्यात सुरमईच्या कालवणात तिरफळं जास्त पडली यावरून आम्ही अर्धा तास भांडलो. नवरा मधेच म्हणाला, "दोघी गप्प बसा, मला जेवू द्या," आणि आम्ही दोघी त्याच्यावरच उलटलो. मी रोज सकाळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते, मनातल्या मनात. बहुतेक दिवशी ती एका वाक्याची असते, आणि त्या वाक्यात मला त्यांच्याबद्दल तक्रार न करता पुढे जाता आलं, तर तो दिवस मी चांगला धरते.